आता आजोबांना सगळं आठवतं

व्हेरायटी चौकात सिग्नलला ऑटो थांबला तेव्हा श्रीधर पांढरीपांडे यांनी वर पाहिलं, आणि वरून श्रीधर पांढरीपांडे यांनी खाली पाहिलं. वरचे पांढरीपांडे खालच्यांपेक्षा पुष्कळ मोठे होते, साधारण दुमजली घराएवढे, आणि खालच्यांपेक्षा पुष्कळ सुखी होते. तोंड पूर्ण उघडं, डोळे हसण्यानं बारीक झालेले, आणि वरच्या दातांतली जी फट ते आरशासमोरसुद्धा ओठांआड ठेवत, ती सीताबर्डीच्या समस्त जनतेसाठी खुली केलेली. कुणा मुलीचा हात त्यांना एक लाकडी ठोकळा देत होता आणि विद्यापीठाची पदवी घ्यावी तसा ते तो घेत होते. बाजूला फुगीर अक्षरांत लिहिलं होतं, ‘आता आजोबांना सगळं आठवतं!’ त्याखाली हिंगण्याच्या एका पंप बनवणाऱ्या कंपनीचं चिन्ह, आणि चिन्हाच्याही खाली, पायाशी बसवल्यासारखी बारीक अक्षरं: ‘विस्मरणाचा आजार असलेल्या ज्येष्ठांसाठी. सहकार्य: सांगात दिवसघर, सक्करदरा.’ श्रीधररावांच्या मांडीवर बटणांची पिशवी होती. दिवसघरातल्या मंडळींना शर्टाची बटणं लावण्याचा सराव हवा, आणि बोटं थरथरत असली की बटण मोठं हवं, म्हणून ते बर्डीच्या घाऊक दुकानात कोटाची बटणं घ्यायला आले होते. ती पिशवी त्यांनी उगाचच छातीशी धरली.

ऑटोवाल्यानं आरशातून पाहिलं, मग मान बाहेर काढून वर पाहिलं, मग पुन्हा आरशातून.

“काकाजी, ते वरते तुम्हीच दिसून राहिले ना?”

“नाही,” श्रीधरराव म्हणाले, आणि स्वतःच दचकले. हा शब्द त्यांच्या तोंडून बऱ्याच दिवसांत निघाला नव्हता.

“सेम टू सेम आहे बाप्पा. त्यायले तं सगळं आठवते म्हणे.” सिग्नल सुटला. पुढे गेल्यावर ऑटोवाला जरा काळजीनं म्हणाला, “सक्करदऱ्यात नेमकं कुठं उतरायचं ते मालूम आहे ना तुम्हाले? नाही, म्हणून विचारलं.”

खरं तर घोटाळा साधा होता. श्रीधरराव दिवसघराचे पेशंट नव्हते, सेक्रेटरी होते. कंपनीच्या लोकांनी चुकीच्या म्हाताऱ्याचा फोटो लावला होता. एवढंच. एक फोन, दोन हसणी, तिकडून ‘सॉरी सर’, संपलं. असं त्यांनी सक्करदऱ्याच्या वाटेवर स्वतःला समजावलं, आणि ते समजलंही. पण ऑटो तलावाच्या बाजूला वळता वळता, नळ बंद केल्यावरही पाइपातून थोडं पाणी यावं तसा एक विचार मागाहून आला. हा फोटो काढला कधी? निळ्या चौकडीचा शर्ट त्यांचाच. मागची भिंत दिवसघराच्या जेवणाच्या खोलीची, कोपऱ्यात ओल आलेली. ठोकळाही ओळखीचा. पण ती मुलगी, तो क्षण, ते हसणं? इतकं तोंड उघडून माणूस हसला तर जबडा तरी आठवण ठेवील. त्यांनी डोकं सगळीकडून चाचपून पाहिलं, चष्मा शोधताना माणूस खिसे चाचपतो तसं. काही लागलं नाही. शहरातल्या सर्वांत गजबजलेल्या चौकात ज्या म्हाताऱ्याला सगळं आठवतं म्हणून जाहीर केलं होतं, त्याला तेवढी एक गोष्ट आठवत नव्हती.

आणि हे सुरू कसं होतं ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या घरी ते सुरू झालेलं त्यांनी पाहिलं होतं. एका दुपारी ताराबाई, म्हणजे त्यांची पत्नी, कपाटावरचा भाच्याच्या लग्नातला फोटो पुसता पुसता थांबल्या आणि म्हणाल्या, “ह्या कोण हो बाई? साडी छान आहे.” साडी छानच होती. बाई त्या स्वतः होत्या. पुढे बरंच काही झालं आणि शेवटी ताराबाई गेल्या, पण श्रीधररावांच्या मनात आजार म्हटलं की ते फोटोवर थांबलेलं फडकंच यायचं. त्यानंतर शाळेपासूनचे मित्र कृष्णकांत यांना धरून त्यांनी हे दिवसघर काढलं. ज्यांच्या घरी अशी माणसं आहेत त्यांनी सकाळी आणून सोडायची, संध्याकाळी न्यायची. मधला दिवस सांगातचा, म्हणजे सोबतीचा. कृष्णकांत अध्यक्ष झाले, कारण त्यांच्याकडे बंद गळ्याचा कोट होता. श्रीधरराव सेक्रेटरी झाले, कारण त्यांच्याकडे वेळ होता.

दिवसघराचे नियम दोनच. ते कुठे लिहिलेले नव्हते, पण नव्या माणसाला पहिल्या दिवशी कानात सांगितले जात. एक, इथे कुणाला ‘नाही’ म्हणायचं नाही. दोन, इथे कुणाला ‘विसरलात का’ विचारायचं नाही. यमुताई, पूर्वीच्या मुख्याध्यापिका, सकाळी प्रार्थनेला उशीर झाला म्हणून रागावल्या तर सगळ्यांनी ओळीत उभं राहायचं. चंद्रभानजी, ज्यांनी उमरेडकडच्या आपल्या गावी जन्मभर संत्र्याची बाग केली, ते श्रीधररावांना आपला साळा, म्हणजे बायकोचा भाऊ, प्रेमानंद समजत. मग श्रीधररावांनी प्रेमानंद व्हायचं. “काहून गा पेमानंद, बहिणीच्या घरी रिकाम्या हातानं येतेत काय?” असं चंद्रभानजींनी खडसावलं की खाली मान घालून म्हणायचं, “चुकलं भाटजी, पुढच्या खेपेला आणतो.” खरा प्रेमानंद केव्हाच वारला होता. श्रीधरराव त्याचं राहिलेलं ऐकून घेत होते. कुणाच्या अंगावर गणवेश नाही, गळ्यात पट्टा नाही. गणवेश पाहिला की ही माणसं बुजतात, म्हणून सेवा करणारे आणि करून घेणारे एकाच सतरंजीवर, एकाच तऱ्हेच्या कपड्यांत. फरक फक्त चहात. मंडळींना चहा स्टीलच्या ग्लासात, कोमट आणि अर्धा, म्हणजे सांडला तरी भाजू नये. बाकीच्यांना कानाच्या कपात, काठोकाठ आणि कढत. बाहेरचा माणूस आला तर त्याला कोण कोणता हे चहाच्या वेळेशिवाय कळणं शक्यच नव्हतं. कंपनीची पोरं फोटो काढायला आली होती ती जेवणाच्या वेळी.

पिशवी घेऊन ते आत आले तेव्हा गोपिका मंडळींना हात धुवायला नेत होती. दिवसघर खऱ्या अर्थानं चालवायची ती गोपिका. पाटणसावंगीकडची, आवाजानं भिंतीचा पोपडा पाडणारी, आणि कामावर मात्र लोण्यासारखी.

“गोपिका, बर्डीवर कंपनीनं माझा फोटो लावलाय. पेशंट म्हणून.”

“हो काय जी, काकाजी?” गोपिका म्हणाली. “छानच झालं.”

“छान काय? मी पेशंट आहे का?”

“तसं कसं जी. तुम्ही तं सेक्रेटरी आहा. तुम्हीच सेक्रेटरी.” तिनं त्यांच्या हातातली पिशवी हळूच काढून घेतली. “बसा बरं निवांत. पाणी देऊ का?”

श्रीधरराव बसले. ‘तुम्हीच सेक्रेटरी.’ हा सूर त्यांच्या ओळखीचा होता. तो त्यांनीच तिला शिकवला होता. यमुताई म्हणत, मी हेडमास्तरीण. गोपिका म्हणे, हो जी बाई, तुम्हीच हेडमास्तरीण. हीच गोलाई, शेवटच्या अक्षरावर हाच मायेचा हात. आता हिनं जे म्हटलं ते खरं आहे म्हणून म्हटलं की नियम आहे म्हणून? ज्या घरात सगळे सगळ्यांना हो म्हणतात, तिथे स्वतःविषयी एखादी गोष्ट नक्की करायची तर माणसानं जायचं कुठे? ताराबाईंनाही शेवटी सगळे हो म्हणत होते, आणि त्या किती समाधानानं मान हलवीत.

पुढचे दिवस त्यांनी गुपचूप चाचण्या घेण्यात घालवले. गुरुवारी सकाळी शिरता शिरता ते मोठ्यानं म्हणाले, “आज मंगळवार ना?” भाजी निवडत असलेली गोपिका म्हणाली, “हो जी.” मग तिच्याकडे पाहिलं तर तिच्या कानाला फोन, ती कुणाशी तरी वांग्याच्या भावाबद्दल बोलत होती. हो जी वांग्यांना होतं की मंगळवाराला, कळायला मार्ग नव्हता. एकट्या यमुताई म्हणाल्या, “चूक.” त्यांना एकदम हायसं वाटलं. “मग कोणता वार, बाई?” “रविवार,” यमुताई म्हणाल्या, थोडं थांबल्या आणि स्वतःलाच म्हणाल्या, “चूक.” सबंध घरात नाही म्हणणारं माणूस एकच, आणि त्याचा उपयोग नाही. संध्याकाळी घरी जाऊन ते जुन्या शेजाऱ्यांची नावं, सासुरवाडच्या आत्यांची नावं, शाळेतल्या बाकावरचा क्रम आठवत बसत. सगळं धडाधडा आठवे. पण त्यानं धीर येईना, कारण ताराबाईंनाही लहानपणचं शेवटपर्यंत तोंडपाठ होतं. गेल्या महिन्यात कंपनीच्याच पोरांनी दिवसघरात तपासणीचा कॅम्प भरवला होता. ओळीत बसवून सगळ्यांच्या बोटाला सुई टोचली, त्यात त्यांच्याही. सुई आठवत होती. गोपिका कागद हातात घेऊन काहीतरी बडबडली होती तेही आठवत होतं. काय, ते नाही. त्यांनी तो विषय सोडून दिला. जे आठवत नाही ते मोजत बसलं तर मोजणाराच घाबरतो.

कृष्णकांतांकडे ते गेले ते एका आशेनं. कृष्णकांत दिवसघरात फार येत नसत, म्हणून त्यांना हो म्हणायची सवय नव्हती. आणि शाळेपासून त्यांनी श्रीधररावांचं कुठलंही म्हणणं धड मान्य केलेलं नव्हतं.

“पाहिला बे, पाहिला फोटो,” कृष्णकांत झोपाळ्यावरून म्हणाले. “झकास आलाय. बायकोला दाखवला मी. म्हणाली, श्रीधरभाऊजी इतके हसतात हे माहीतच नव्हतं.”

“अरे पण मी पेशंट आहे का?”

“ते कोण म्हणून राहिलं?”

“फलक म्हणून राहिला!”

कृष्णकांतांनी झोपाळा पायानं थांबवला. “हे बघ, नीट ऐक. कंपनीचा करार दिवाळीनंतर संपतो. जागेचं भाडं, गोपिका, व्हॅन, सगळं त्यांच्यावर. त्यांना काय पाहिजे? इम्पॅक्ट पाहिजे. आधी आणि नंतर. शाळेला देतात तिथे पोरगं आधी नापास, नंतर पास. विहिरीला देतात तिथे आधी कोरडी, नंतर पाणी. आपल्याकडे काय आहे? आधी चंद्रभानजी मुलाचं नाव विसरले, नंतर सुनेचं. हा नंतर दाखवायचा? गेल्या वर्षी त्यांनी विचारलं, किती जण सुधारले. मी म्हटलं, प्रगती समाधानकारक.”

“कुणाची प्रगती?”

“आजाराची,” कृष्णकांत निर्विकारपणे म्हणाले. “आता त्या पोरांनी शंभर फोटो काढले. त्या सगळ्यांत सुधारलेला दिसतो असा चेहरा एकच निघाला. तुझा. त्याला त्यांनी काय करावं? ते एक राहू दे. पुढच्या शनिवारी हिंगण्याला त्यांचा कार्यक्रम आहे. मोठे साहेब येणार. त्यांना फलकावरचे आजोबा स्टेजवर पाहिजेत. तू जायचं, नमस्कार करायचा, हसायचं. बोलायचं नाही.”

“आणि मी नाही म्हटलं तर?”

“नाही?” कृष्णकांत त्यांच्याकडे बघत राहिले, तो शब्द कुठल्या परप्रांतातला असावा तसे. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला, आणि श्रीधररावांना जे ऐकायचं नव्हतं तेच झालं. तो आवाज मऊ झाला. “बरं बरं. तू म्हणशील तसं. तू बस. चहा घेतोस ना?”

परत येताना श्रीधररावांना पहिल्यांदा वाटलं की नियम फक्त दिवसघरात नाही. कंपनीनं विचारलं, सुधारतात ना? संस्था म्हणाली, हो. संस्थेनं विचारलं, दरवर्षी द्याल ना? कंपनी म्हणाली, हो. कंपनीची पोरं वर्षातून दोन-तीनदा यायची, सारख्या टोप्या घालून, आणि त्यांच्या हाताला काहीतरी काम द्यावं लागायचं म्हणून गोपिका बागेतल्या कुंड्या आदल्या दिवशी आतून बाहेर आणून ठेवी आणि पोरं त्या उत्साहानं बाहेरून आत नेत. पोरं गेली की जागेवर. पोरं चांगली होती. कुंड्या जपून उचलायची. दोन्ही बाजूंची माणसं चांगलीच होती, आणि दोन्ही बाजू एकमेकींना दुखवायचं नाही म्हणून कोमट आणि अर्धा चहा देत होत्या. हा विचार त्यांना इतका शहाणपणाचा वाटला की क्षणभर बरं वाटलं. मग वाटलं, ताराबाईंनाही मधूनच असे शहाणपणाचे विचार यायचे.

कार्यक्रमाच्या आधी वेदिका आली. कंपनीचं समाजकार्याचं खातं सांभाळणारी, तरतरीत, केस वर बांधलेले, सतत कुठे तरी पोचायचंय असं चालणं. ती येताच सरळ त्यांच्यासमोर उकिडवी बसली, आणि त्यांचा हात हातात घेऊन प्रत्येक अक्षर वेगळं करत म्हणाली, “आजोबा, मी वेदिका. आठवतं का?”

नियम दोन मोडला. गोपिकेनं पदराचं टोक दातात धरलं. श्रीधररावांनी त्या तोंडाकडे पाहिलं, कष्टानं पाहिलं, आणि त्यांना खरोखरच आठवेना. फलकावरचा हात हिचा होता का? बांगडी नव्हती, फलकावर होती, का नव्हती?

“मी सेक्रेटरी आहे इथला,” ते म्हणाले.

“हो ना आजोबा! तुम्हीच सगळं सांभाळता,” वेदिका गोड हसून म्हणाली. तिला कुणीतरी नियम एक कानात सांगितलेला दिसत होता. मग तिनं फोन काढला. “आजोबा, नंतरचा फोटो तर आहे. आधीचा नाहीये. एकच घेऊ या? जरा असे, हरवल्यासारखे बघा. लांब कुठेतरी.”

श्रीधररावांना काही करावं लागलं नाही. त्यांनी नुसतं खिडकीकडे पाहिलं.

“परफेक्ट,” वेदिका म्हणाली. पण फोन खाली घेताना तिचा हात रेंगाळला. “आजोबा, तुम्हाला बरं वाटतंय ना?” मग, जराशा अडखळून, स्वतःशीच बोलल्यासारखं, “मला आधी वाटायचं की इथे येऊन लोक बरे होतात. आता वर्ष झालं. मी वरच्या साहेबांना काय लिहू, कळतच नाही.”

तिला तेव्हाच उत्तर द्यायला हवं होतं. उत्तर त्यांच्या जिभेवर होतं. पण चंद्रभानजींनी कोपऱ्यातून हाक दिली, “ए पेमानंद, ते कोण पोरगी होय? सोयरीक आणली काय गा?” आणि श्रीधरराव मुकाट्यानं उठून प्रेमानंद व्हायला गेले. जाताना मागून ऐकू आलं, वेदिका गोपिकेला विचारत होती, “प्रेमानंद नाव आहे का आजोबांचं?” आणि गोपिका म्हणत होती, “हो जी मॅडम.”

शनिवारी कंपनीची बस सगळ्यांना हिंगण्याला घेऊन गेली. कारखान्याच्या आवारात मांडव, खुर्च्यांवर निळ्या शर्टांतले कामगार, पाळी सुटून घरी जायच्या घाईत मोटरसायकलच्या किल्ल्या बोटाभोवती फिरवणारे. स्टेजवर साहेब, शेजारी कृष्णकांत बंद गळ्यात. सूत्रसंचालन वेदिकेकडे. श्रीधररावांना पहिल्या रांगेत चंद्रभानजी आणि यमुताई यांच्यामध्ये बसवलं होतं, आणि त्यांची छाती अशी धडधडत होती की त्यांना वाटलं पंपांचीच चाचणी चालू आहे. जे आठवत नाही ते आज सगळ्यांसमोर आठवत नाही असं होणार. नाव विचारलं तर? मुलांना शाळेत पाठ म्हणताना होतं तसं नावच सुटलं तर? ते मनातल्या मनात ‘श्रीधर, श्रीधर’ म्हणत राहिले आणि बऱ्याच वेळा म्हटल्यावर ते नाव कुणाचंच वाटेनासं झालं.

मागच्या मोठ्या पडद्यावर खिडकीकडे पाहणारा म्हातारा आला. वेदिका म्हणाली, “आधी.” सभा हळहळली. मग हसणारा म्हातारा आला. “आणि नंतर!” टाळ्या. पण पडद्यावर फोटो पूर्ण होता, फलकावर कापलेला होता. ठोकळा देणाऱ्या मुलीच्या मागे, फोटोच्या काठाशी, तर्जनी उगारून चंद्रभानजी बसले होते, तोंड अर्धवट उघडं, रागानं लाल.

आणि आठवलं. सगळं एकदम, धरणाचं दार उचलल्यासारखं. त्या दिवशी चंद्रभानजींनी पंगतीत सगळ्यांदेखत विचारलं होतं, “काहून गा पेमानंद, माह्या लग्नात माह्या चपला तूच लपवल्या होत्या ना? बिनचपलेनं वरात काढली माही, उन्हात. सांग सांग!” आणि श्रीधरराव, प्रेमानंद म्हणून, सगळ्या मेलेल्या आणि जित्या साळ्यांच्या वतीनं म्हणाले होते, “हो भाटजी, मीच. अजून आमच्या कोठीत आहेत.” आणि मग त्यांना हसू आलं होतं, असं की आवरेना, ताराबाई गेल्यापासून आलं नव्हतं असं. मध्ये कुणीतरी हातात ठोकळा दिला, त्यांनी घेतला. त्यांना तो क्षण आठवत नव्हता कारण त्या क्षणी ते तिथे नव्हते. तिथे प्रेमानंद होता. श्रीधरच्या कपाटात शोधून तो कसा सापडणार?

ते हर्षानं उठले. कुणी बोलावण्याआधीच पायऱ्या चढले. वेदिकेनं गडबडीनं त्यांच्या हाताला धरलं, तिच्या हातातला माइक त्यांनी घेतला. कृष्णकांतांनी डोळे मिटले.

“मी श्रीधर पांढरीपांडे,” ते म्हणाले. आवाज खणखणीत आला. “सांगात दिवसघराचा सेक्रेटरी. पेशंट नाही. फोटो चुकून लागला. आमच्याकडे कुणी बरं होत नाही. ते आम्ही तुम्हाला सांगितलं नाही, कारण आम्हाला नाही म्हणायची सवय राहिली नाही. आमच्याकडे येणारा माणूस रोज थोडा कमी होतो. आम्ही फक्त त्याला त्या वाटेवर एकटं जाऊ देत नाही. तुम्हाला हे पाहून मदत करायची असेल तर करा. आधी आणि नंतर आमच्याकडे नाही. मधलंच आहे.”

मग साहेब उठले. त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. त्यांनी श्रीधररावांना मिठी मारली आणि त्यांच्या खांद्यावरून माइकमध्ये म्हणाले, “पाहिलंत? एक शब्द न अडखळता! संस्थेचा सेक्रेटरी असल्यासारखे बोलले! मित्रांनो, याला म्हणतात इम्पॅक्ट.”

टाळ्यांनी मांडव दणाणला. मागचे कामगार उभे राहिले. करार पुढची तीन वर्षं, साहेबांनी तिथेच जाहीर केला. कृष्णकांतांनी डोळे उघडले. “नाही,” श्रीधरराव म्हणाले, “अहो, मी खरंच…” आणि साहेब त्यांच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, “हो आजोबा. तुम्हीच. तुम्हीच सेक्रेटरी.” खाली पहिल्या रांगेतून यमुताई स्पष्ट म्हणाल्या, “चूक,” पण कुणाला म्हणाल्या ते त्यांनाही माहीत नव्हतं. एकटी वेदिका टाळ्या वाजवत नव्हती. ती त्यांच्याकडे टक लावून पाहत होती, आणि मग खाली, आपल्या सँडलकडे पाहू लागली. तिला कळलं, की तिला कीव आली? श्रीधररावांना विचारता आलं नाही. बसमध्ये सबंध वाटभर सगळे त्यांच्याशी फार प्रेमानं बोलले. खिडकीजवळची जागा दिली. कृष्णकांत म्हणाले, “वाचवलंस बे तू आपल्याला,” आणि पुढे म्हणाले, “आता कागदोपत्री एवढी वर्षं तू लाभार्थी. तुला काही करायचं नाही, फक्त रोज येत जा.” तसे ते रोज येतच होते.

सोमवारी सकाळी ते दिवसघरात गेले तेव्हा भिंतीवर, ओल झाकेल अशा बेतानं, त्यांचाच मोठा फोटो टांगलेला होता. त्याखालच्या सतरंजीवर ते बसले. डावीकडे चंद्रभानजी कोटाचं बटण काजात घालत होते, उजवीकडे यमुताई. ऊन खिडकीतून येऊन तिघांच्या गुडघ्यांवर सारखंच पडलं होतं. वेगळं बसावं, टेबलाकडे जावं असं त्यांच्या मनात आलं. पण टेबलाकडे जाऊन ते काय सिद्ध करणार होते, आणि कुणाला? स्वयंपाकघरातून चहाचा वास आला. गोपिका ट्रे घेऊन आली. ती एकेकाच्या हातात ग्लास देत, दोन्ही हातांची पकड बसली की सोडत, पुढे सरकत होती. चंद्रभानजी. मग ते.

त्यांच्या हातात स्टीलचा ग्लास आला. त्यांनी आत पाहिलं. अर्धा.

ते म्हणाले, “गोपिका.” “हा अर्धा आहे.”

“हो जी, काकाजी. अर्धाच आहे.”

संपलं. त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला. ताराबाई असाच धरायच्या, ओंजळीत पाखरू धरल्यासारखा. म्हणजे हे इतकं सोपं असतं. कुणी सांगत नाही, ढकलत नाही. फक्त एका सकाळी कपाचा कान जातो. त्यांनी मान हलवली, समाधानानं हलवतात तशी.

“अन् अर्धाच भेटन आता,” यमुताईंच्या हातात ग्लास देता देता गोपिका म्हणाली, आणि बोलता बोलता तिचा खरा आवाज, पोपडे पाडणारा, वर चढला. “बिनसाखरेचा. कप तं तुमचा त्या कंपनीच्या बसच्या ड्रायव्हरनं फोडला शनिवारी. त्या कॅम्पात शुगर नाही निघाली का तुमची? किती कानीकपाळी ओरडली मी तवा, गोड बंद, चहा अर्धा! तरी रोज कप भरूनच घेता. विसरले काय जी?”

तिनं जीभ चावली, इकडेतिकडे पाहिलं, कुणी ऐकलं का म्हणून. चंद्रभानजी बटणात गुंतले होते.

श्रीधररावांनी वर पाहिलं. तिनं त्यांना विचारलं होतं. या घरात मंडळींना जे कधी विचारत नाहीत ते त्यांना, तोंडावर, खेकसून विचारलं होतं. त्यांना इतका आनंद झाला की त्या आनंदातच, एक क्षण मागे राहून, दुसरी गोष्ट समजली: की ते खरोखर विसरले होते.

“हो,” ते म्हणाले, आणि चहाचा घोट घेतला. चहा कढत होता. जीभ चांगलीच भाजली.